सौर कंदिलाची भीक आणि विजेचा हक्क

एप्रिल आला की आमच्या मोबाईलवर एक फोटो येतोच. गाव बदलतं, पाहुणा बदलतो, फोटो तोच असतो. मागे बाबासाहेबांची तसबीर, मधोमध कडक इस्त्रीतला पाहुणा आणि समोर वस्तीतली एक आजी, डोक्यावर पदर, दोन्ही हातांनी प्लास्टिकचा सौर कंदील धरलेली. पाहुण्याचा हातही अजून कंदिलावरच असतो, कारण फोटो निघेपर्यंत तो सोडायचा नसतो. आणि कंदिलावर देणाऱ्याचं नाव इतक्या मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं की उजेडाला त्यातून वाट काढत बाहेर यावं लागतं.

आम्ही या फोटोची नुसती टिंगल करायला बसलेलो नाही. असा एक फोटो आमचाही आहे. काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या एका गायरानावरच्या वस्तीत आम्ही तेहतीस घरांना तेहतीस सौर कंदील वाटले. पैसे आमचेच होते, जयंतीच्या वर्गणीतले काही आणि मुंबई-पुण्यातल्या नोकरदार मित्रांचे काही. भाषणं झाली, बुद्धवंदना झाली, फोटो निघाले. पुढच्या वर्षी त्याच वस्तीत जयंतीच्या बैठकीला गेलो तेव्हा तेहतीसपैकी सहा कंदील पेटत होते. बाकीचे कुठे उतरंडीवर, कुठे खुंटीला, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून. आम्ही लोकांनाच दोष द्यायच्या बेतात होतो, 'वापरता येत नाही यांना' असं आमच्यातल्या एकाच्या तोंडातून निघालंसुद्धा. तेव्हा एका मावशीने विचारलं, "दादा, दिवा दिला खरं, पर तो आजारी पडला तर न्यावा कुठं?"

उत्तर आमच्याकडे नव्हतं. तालुक्याच्या गावात टीव्ही दुरुस्त करणारा होता, त्याने कंदील हातात घेऊन परत दिला होता. कंपनीचा फोन लागत नव्हता. आणि आम्ही, स्वतःला चळवळीचे कार्यकर्ते म्हणवणारे, कंदिलाच्या आत काय असतं हे एकदाही उघडून पाहिलेलं नव्हतं. त्या प्रश्नातून हा लेख निघाला आहे.

आता काही जण म्हणतील, अहो, अंधार उरलाय कुठे? देशातलं प्रत्येक गाव तर उजळलं. बरोबर आहे. 28 एप्रिल 2018 ला मणिपूरमधल्या लायसांग या गावाला वीज पोचली आणि सरकारने जाहीर केलं की आता विजेविना एकही गाव उरलेलं नाही. पण 'वीज पोचलेलं गाव' म्हणजे काय, याची व्याख्या कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवावी अशी आहे. 1997 च्या आधी गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कशाहीसाठी वीज वापरली की गाव उजळलं. पाटलाच्या मळ्यातल्या एका मोटारीवर सगळं गाव कागदावर उजळून निघायचं. 1997 मध्ये त्यात 'वस्तीच्या भागात' ही अट आली. 2004 मध्ये व्याख्या पुन्हा बदलली. आता शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज हवी, किमान 10 टक्के घरांत वीज हवी, आणि डीपी व तारा गावठाणाबरोबरच दलित वस्तीतही पोचलेल्या हव्यात.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. स्वातंत्र्यानंतर सत्तावन्न वर्षांनी या देशाच्या सरकारला वेगळं लिहावं लागलं की दलित वस्तीपर्यंत तार गेली पाहिजे. का लिहावं लागलं? कारण तोवर तार जात नव्हती. खांब गावकुसापर्यंत यायचे आणि थांबायचे. विजेच्या तारेला जात नसते म्हणतात, पण खांब कुठे रोवायचा हे ठरवणाऱ्याला असते. तरीही 10 टक्के ही अट कायमच राहिली. शंभर घरांच्या गावात दहा घरं उजळली की गाव उजळलं. ती दहा घरं कुणाची असतील हे आमच्या वाचकांना सांगायची गरज नाही.

2011 च्या जनगणनेत उजेडासाठी वीज वापरणारी घरं देशात सुमारे 67 टक्के होती. अनुसूचित जातींमध्ये हा आकडा 59 आणि अनुसूचित जमातींमध्ये 52 च्या आसपास होता. 2017 मध्ये सौभाग्य योजना आली, कोट्यवधी जोडण्या झाल्या, हे आम्ही नाकारत नाही. ज्याच्या घरात बल्ब लागला त्याला तो कुठल्या पक्षाच्या काळात लागला याने फरक पडत नाही. पण योजना संपल्यावर जे उरले ते कोण? गायरानावर दोन-तीन पिढ्या राहूनही ज्यांच्या नावावर आठ-अ नाही ते. वर्षातले सहा महिने फडावरच्या कोपीत राहणारे ऊसतोड कामगार. वीटभट्टीवरची कुटुंबं. पालात राहणारे भटके विमुक्त. धडगाव-अक्कलकुव्याचे डोंगरातले पाडे, मेळघाट-भामरागडच्या जंगलातल्या वस्त्या. आणि एक मोठा वर्ग असा, ज्याच्या भिंतीवर मीटर आहे पण वीज नाही. थकबाकी झाली, जोडणी कापली, कागदावर 'पीडी' असा शिक्का पडला. हे घर सरकारच्या हिशोबात उजळलेलंच आहे. रात्री मात्र तिथे चिमणी पेटते.

आणि मुंबईच्या डोळ्यासमोरचं घारापुरी बेट? गेटवेवरून बोटीने तासाभरात पोचता येतं. तिथे समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज पोचली फेब्रुवारी 2018 मध्ये. तोवर पर्यटक लेणी बघून संध्याकाळच्या बोटीने परत जायचे, बेटावरच्या माणसांची रात्र जनरेटरवर निघायची.

या प्रश्नावर बाबासाहेबांचं नाव घेताना एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. परळच्या चाळीतल्या एका खोलीत, रात्री दोनला उठून, मिणमिणत्या दिव्यापाशी बसून ते शिकले. गोष्ट खरी आहे, पण तिचा वापर कसा होतो ते बघा. 'बाबासाहेब दिव्याखाली शिकले, तुम्हाला काय झालं?' आमच्या पोरांच्या तोंडावर ही गोष्ट फेकणारे हे सांगत नाहीत की तोच मुलगा पुढे 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचा सदस्य झाला, आणि देशाच्या विजेचं धोरण त्याच्या खात्यात आखलं गेलं. ऑक्टोबर 1943 मध्ये वीज आणि सार्वजनिक बांधकाम यांसाठीच्या धोरण समितीसमोर त्यांनी जे भाषण केलं, ते प्रत्येक तरुणाने मिळवून वाचावं. त्यांचा मुद्दा सरळ होता. गरिबीच्या फेऱ्यातून बाहेर पडायचं तर औद्योगिकीकरण हवं, आणि त्यासाठी वीज नुसती असून चालणार नाही, ती मुबलक आणि स्वस्त हवी. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी तिथेच टेबलावर ठेवला. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं राहिलं, दामोदर खोऱ्याची योजना आकाराला आली, आणि 1948 च्या वीज पुरवठा कायद्याने राज्यांच्या वीज मंडळांचा रस्ता मोकळा झाला.

म्हणजे ज्याने स्वतः मिणमिणत्या दिव्याखाली डोळे जाळले, त्याने सत्तेच्या खुर्चीवर बसल्यावर आपल्या माणसांसाठी कंदील मागितले नाहीत, अख्ख्या देशाच्या विजेचा आराखडा मागितला. आपल्या जयंत्यांमध्ये कंदील वाटताना आपण, म्हणजे आम्ही, हेच विसरलो.

इथे आमच्याच काही मित्रांशी आमचं भांडण आहे. ते म्हणतात, मग सौरदिव्याला हातच लावू नका. कंदील म्हणजे भीक, एनजीओवाल्यांचं दुकान, वीज मिळत नाही म्हणून दिलेलं खेळणं. हक्काची तार येईपर्यंत लढू, अंधारात बसू. बैठकीत हे बोलायला जोरदार वाटतं, टाळ्याही पडतात. पण अंधारात बसणार कोण? आपण रात्री दहाला ट्यूबलाईटखाली बैठक संपवून घरी जाणार, आणि साप निघेल तो पाड्यावर. दहावीचा अभ्यास बुडणार गायरानावरच्या पोरीचा. बाळंतीण चिमणीच्या उजेडात बाळंत होणार. रेशनवरचं रॉकेल महाराष्ट्रात जवळपास बंद झालंय, त्यामुळे चिमणीत आता कुणी डिझेल ओततं, कुणी मेणबत्तीवर भागवतं, आणि बाजाराच्या दिवशी दहा-वीस रुपये मोजून मोबाईल चार्ज करून आणतात, कारण रात्री टॉर्च तोच. हा खर्च महिन्याला मोजला तर गरिबाचा उजेड शहरातल्या आपल्या उजेडापेक्षा महाग पडतो. आणि तो उजेड किती? चिमणीचा दहा ल्युमेनच्या आसपास, धुरासकट. तीन वॅटच्या एलईडीचा साधारण तीनशे.

हिशोब आणखी थोडा पुढे नेऊ, कारण आपल्या सभांमध्ये हिशोब होत नाही. वीस वॅटचं छोटं पॅनेल महाराष्ट्रातल्या चांगल्या उन्हात दिवसाला सत्तर-ऐंशी वॅट-तास देतं. तीन वॅटचे दोन दिवे रोज पाच तास लावले तर तीस वॅट-तास जातात. मोबाईलला दहा-पंधरा. म्हणजे पावसाळ्यात ऊन निम्म्यावर आलं तरी कसंबसं भागतं. दहा वॅटच्या पॅनेलवर उन्हाळ्यात भागतं, आषाढात भागत नाही. बाजारात 'घरासाठी पुरेसं' म्हणून विकलं जाणारं किट पुष्कळदा याच दहा वॅटचं असतं. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतं. बॅटरी मात्र छोट्या लेड-अ‍ॅसिडची असेल तर दोन-तीन वर्षं, चांगल्या लिथियम फॉस्फेटची असेल तर पाच-सात वर्षं. लेड-अ‍ॅसिडची बॅटरी रिकामी करून महिनाभर ठेवली तर ती मरते, तिच्या पट्ट्यांवर सल्फेट साचतं. आमचे सत्तावीस कंदील असेच मेले असणार, असं आधी वाटलं होतं. कुटुंबं ऊसतोडीला गेली, कंदील घरात बंद पेटीत राहिले. हे आम्हाला वाटतानाच माहीत असतं तर जाताना ते सोबत न्यायला सांगितलं असतं, किंवा लिथियमचे घेतले असते.

तेव्हा सौरदिवा वाईट नाही. तो कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातल्या धरनई गावाचं उदाहरण घ्या. 2014 मध्ये ग्रीनपीसने तिथे 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. देशभर बातम्या झाल्या, सौर ऊर्जेवर चालणारं गाव म्हणून. माजी मुख्यमंत्री नितीश कुमार गावात आले तेव्हा गावकऱ्यांनी काय मागितलं? खरी वीज. असली बिजली. ही नकली नको. पर्यावरणवाल्यांना याचा धक्का बसला, आम्हाला बसला नाही. त्या सौर विजेवर दिवे आणि पंखे चालत होते, पण फ्रिज-टीव्हीसारख्या गोष्टी लावायला मनाई होती, आणि ती सरकारी विजेपेक्षा महागही होती. शेजारच्या गावाला तार आणि आपल्याला काटकसरीचे धडे, हे कुठल्या माणसाने ऐकून घ्यावं? लवकरच तिथे सरकारी वीज आली. काही वर्षांनी प्रकल्पाच्या बॅटऱ्या संपल्या, दुरुस्ती झाली नाही, आणि जिथून गाव उजळायचं तिथे गुरं बांधली जाऊ लागली.

धरनईच्या लोकांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. गरिबाने थोडक्यात समाधान मानावं ही अपेक्षा गरिबाला मान्य नसते. आणि बाहेरून आलेली यंत्रणा, जिची किल्ली आणि ज्ञान दोन्ही बाहेरच्यांकडे आहे, ती पहिल्या बॅटरीबरोबर मरते.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने निरक्षर बायकांना, त्यांत कित्येक आज्या, सौर यंत्रणा बसवायला आणि दुरुस्त करायला शिकवलं. अक्षर न ओळखणारी बाई रंगांवरून सर्किट जोडते. पुढे कितीतरी देशांतल्या बायका तिथे येऊन शिकून गेल्या. आयआयटी मुंबईने शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा मोठा प्रकल्प केला. मुलाला दिवा 120 रुपयांत मिळायचा, आणि त्याची जोडणी व दुरुस्ती त्याच भागातल्या माणसांना शिकवलेली असायची. त्यातूनच पुढे राजस्थानच्या डुंगरपूरमध्ये आदिवासी बायकांच्या मालकीची सौर पॅनेल बनवणारी कंपनी उभी राहिली. मालकीची, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय. या सगळ्या संस्थांशी आमचे वैचारिक मतभेद आहेत. तिलोनियाच्या कामाला गांधीवादी वळण आहे, खेडं जसं आहे तसं गोड मानण्याकडे त्याचा कल आहे, आणि खेड्याबद्दल बाबासाहेबांचं मत काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पण बाईच्या हातात सोल्डरिंग गन देणं हे शिकण्यासारखं आहे, आणि ते कुणाकडून शिकलो याची लाज वाटून घ्यायचं कारण नाही.

कारण तंत्रज्ञानालाही या देशात जात लावली गेली आहे. बाबासाहेबांनी दाखवून दिलं होतं की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्यांचीच उतरंडीतली वाटणी आहे. वीज खात्यात बघा. खांबावर चढतो कोण? पावसात तुटलेली तार जोडताना शॉक लागून मरतो कोण? कंत्राटी कामगारांत आपलीच पोरं किती आहेत ते मोजा. आयटीआयला वायरमन आणि इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला आपली पोरं जातात, पास होतात, आणि कंत्राटदाराच्या हाताखाली खांबावर चढतात. ठेका दुसऱ्याचा, दुकान दुसऱ्याचं, सौर एजन्सी दुसऱ्याची. वस्तीत मात्र उजेडाचं काम आलं की आपण बाहेरच्या कंपनीला हार घालतो. आपल्याच वस्तीतला इलेक्ट्रिशियन तेव्हा मंडपाच्या लायटिंगला लटकलेला असतो.

मंडपावरून आठवलं. जयंतीबद्दल बोललं की काही जणांना राग येतो, तरी बोलणार. ज्या वस्तीत पंधरा घरं चिमणीवर आहेत, त्या वस्तीच्या कमानीवर एलईडीची लायटिंग आकडा टाकून चौदा दिवस जळते. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती घरांचा कायमचा दिवा निघतो, हा हिशोब आम्ही इथे मांडत नाही. तुमच्या गावचा डीजे कितीला ठरला ते तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आणि स्टेजवर मागे बुद्धांचं दिव्याचं वचन मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतंच.

आता सरकारकडे वळू. आपला दिवा आपण दुरुस्त करायचा म्हणजे सरकारला सोडून द्यायचं असा अर्थ कुणी काढू नये.

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात निधी वेगळा काढायचं धोरण 1979-80 पासून आहे, आदिवासींसाठी त्याच्याही आधीपासून. तो वळवता येऊ नये, न खर्चलेला बुडू नये म्हणून आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने 2013 मध्ये कायदे केले. फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवणाऱ्या महाराष्ट्रात मात्र आपण त्या कायद्याची मागणीच करत बसलो आहोत. परिणाम? मे 2025 मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या दोन खात्यांचे मिळून सातशे कोटींच्या वर रुपये लाडक्या बहिणीच्या योजनेकडे वळवले गेले, आणि सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्यांनाच उघडपणे नाराजी बोलून दाखवावी लागली. बहिणींना पैसे मिळू नयेत असं आम्ही म्हणत नाही. आमच्या ताटातलं काढून का, एवढंच विचारतोय. वस्ती सुधारणेच्या निधीतून सौर पथदिवे बसतात तेही बघा. खांब उभा राहतो, बिल निघतं, वर्षभरात बॅटरी मरते किंवा चोरीला जाते, आणि देखभालीची अट कंत्राटात होती की नव्हती हे ग्रामसेवकालाही सांगता येत नाही. आपल्या वस्तीतल्या खांबाचं कंत्राट माहिती अधिकारात मागा. देखभालीची मुदत लिहिलेली असेल तर कंत्राटदाराला परत आणता येतं.

2021 मध्ये राज्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आणली. 14 एप्रिल ते 6 डिसेंबर, तारखा बरोबर निवडल्या. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जदाराला 500 रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत. चांगली योजना. पण अट अशी की त्या जागेवर मागची थकबाकी नको, जातीचा दाखला हवा, मान्यताप्राप्त कंत्राटदाराचा चाचणी अहवाल हवा. म्हणजे ज्याची वीज थकबाकीने कापली, तो अंधारातला माणूस बाहेर. पालावरचा भटका दाखल्याअभावी बाहेर. नाव बाबासाहेबांचं, गाळणी मात्र जुनीच.

2024 ची पीएम सूर्यघर योजना घ्या. तीन किलोवॅटला 78 हजारांपर्यंत अनुदान. अट काय? पॅनेल बसेल असं स्वतःचं छप्पर हवं आणि आधीपासूनची वीजजोडणी हवी. ज्याच्याकडे छप्पर आणि वीज दोन्ही आहे त्याला आणखी वीज. कुडाच्या घराला शून्य.

आणि गायरान! दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांनी तुरुंग भरले, त्या लढ्याच्या वाटेवर ही गायरानं कसली गेली. 1991 च्या शासन निर्णयाने 14 एप्रिल 1990 पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं, आणि कितीतरी कुटुंबांची प्रकरणं अजून तहसीलच्या कपाटात आहेत. आता मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी नाममात्र भाड्याने सौर प्रकल्पांना दिल्या जात आहेत, त्यांत गायरानंही आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळायलाच हवी. पण चाळीस वर्षं कसणाऱ्याला सातबारा नाही आणि कंपनीला रुपयात भाडेपट्टा, हा कुठला न्याय? उद्या आमच्याच वस्तीला लागून काचेच्या पॅनेलचं रान उभं राहील, त्याची तार वस्तीच्या डोक्यावरून उपकेंद्राला जाईल, आणि खाली चिमणी जळत असेल.

कायदा आपल्या बाजूने काय देतो ते कार्यकर्त्याला माहीत हवं. वीज कायदा 2003 चं कलम 43 म्हणतं की जागेचा मालक किंवा ताबेदार, कुणीही अर्ज केला तरी महिन्याभरात वीज देणं वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. जिथे लाईनच वाढवावी लागते तिथली मुदत आयोग ठरवतो. 'ताबेदार' हा शब्द लक्षात ठेवा. सातबारा नाही म्हणून अर्जच न घेणाऱ्या कारकुनाला हे कलम छापून दाखवा आणि अर्जाची पोच घ्या. न दिल्यास दिवसाला 1000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्याच कलमात आहे. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात सांगितलं की वीज ही मूलभूत सोय आहे, घरमालक ना-हरकत देत नाही म्हणून भाडेकरूची वीज अडवता येत नाही.

जंगलातल्या वस्त्यांना 'वनखात्याची परवानगी नाही' हे उत्तर वर्षानुवर्षं मिळतं. वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) मध्ये ज्या तेरा सोयींसाठी वनजमीन देता येते, त्यांत विजेच्या ताराही आहेत आणि अपारंपरिक ऊर्जाही. प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन, हेक्टरी पंच्याहत्तरपर्यंत झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस. ग्रामसभेचा ठराव करा, मग 'नाही' लेखी मागा. कातकरी, कोलाम, माडिया गोंड यांच्या वस्त्यांसाठी पीएम-जनमनमध्ये तार न पोचणाऱ्या घरांना सौर यंत्रणेची तरतूद आहे, घरामागे 50 हजारांपर्यंत. ती यंत्रणा बसवताना देखभाल कोण, किती वर्षं आणि त्याचा फोन नंबर काय, हे ठरावात लिहून घ्या. आणि त्याच ठरावात आणखी एक ओळ लिहा, की ही यंत्रणा तारेच्या मागणीच्या बदल्यात नाही. ही ओळ नसेल तर पुढच्या वेळी तार मागायला गेल्यावर 'तुम्हाला सौर दिलंय ना' हेच ऐकावं लागेल.

जाता जाता कराचं एक. सप्टेंबर 2025 पासून सौर उपकरणांवर जीएसटी 5 टक्के झाला, त्याची जाहिरात झाली. पण जी पहिल्यांदा मरते ती सुटी बॅटरी बदलायला गेलात तर 18 टक्के. पंचवीस वर्षं टिकणाऱ्या वस्तूला सवलत आणि दोन वर्षांत बदलायच्या वस्तूला पूर्ण कर. या बारीक गोष्टी कुणी आपल्या निवेदनात लिहीत नाही.

आमच्या त्या वस्तीचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. मावशीच्या प्रश्नानंतर आम्ही दुसरे कंदील आणले नाहीत. वस्तीतल्या आयटीआय झालेल्या एका मुलाला आणि बचत गटातल्या दोन बायकांना घेऊन बसलो. एक मल्टीमीटर, एक सोल्डरिंग गन, थोडी वायर. मेलेले सत्तावीस कंदील उघडले तेव्हा कळलं की तेरा तर मेलेच नव्हते. कुठे चार्जिंगची पिन तुटलेली, कुठे स्विच गेलेला, एकात मुंग्यांनी घर केलेलं. ते त्या दोन दिवसांत चालू झाले. चौदांच्या बॅटऱ्या खरोखर गेल्या होत्या. आता घरटी महिन्याला वीस रुपये बचत गटात जमतात, दुरुस्तीची वही मावशीकडे असते, आणि मुलाला त्यातून कामाचे पैसे मिळतात, फुकट राबत नाही. त्याच वहीच्या मागच्या पानावर कलम 43 खाली केलेल्या एकोणतीस अर्जांच्या पोचपावत्या चिकटवलेल्या आहेत. चौघांचा अर्ज ताब्याच्या पुराव्याअभावी अडलाय, त्यासाठी जुन्या मतदार याद्या शोधणं चालू आहे.

चौदापैकी पाच बॅटऱ्या बदलून झाल्या. नऊ राहिल्या आहेत. सहा व्होल्टची छोटी लागते, तीन-साडेतीनशेला एक. तुमच्या तालुक्यात कुठे चांगली आणि स्वस्त मिळत असेल तर दुकानाचं नाव कळवा, पैसे नकोत.

जय भीम.